उसनवारीची वही

सलोमीमावशी मलावीहून परतली बावीस वर्षांनी,
एक पत्र्याची पेटी घेऊन,
आणि मोहननगरच्या आमच्या दोन खोल्यांत शिरताच विचारलं,
"पाणी उकळता कुठं बाप्पा तुम्ही?"

पेटीत मला वाटलं लाकडी जिराफ असतील,
निदान एखादं रंगीत कापड.
निघाली वही. दोऱ्यानं शिवलेली, जाडजूड,
पानांना अजून फिनाईलचा वास.

'सलाईन, चाळीस बाटल्या. वरच्या टेकडीकडून.
परत: ट्रक आला की.'
'क्विनाईन, दोन डबे. नदीपलीकडच्या नन्सना.
परत:'
'भूल देणारा माणूस, एक. शुक्रवारपुरता.'

मी रामदासपेठेतल्या मोठ्या इस्पितळात बिलं करतो.
थकबाकी हा शब्द मला झोपेतही ऐकू येतो.
म्हटलं, मावशी, ही तर सगळी बुडीत खाती.
"तुले नाई समजत ते," म्हणाली.

मग तांदूळ निवडता निवडता सांगत राहिली, तुटक तुटक:
चार पंथांचे सहा दवाखाने.
एकाच्या देवळात धूप, दुसऱ्यात मेणबत्तीही चालायची नाही.
बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून,
यावरून पाद्र्यांचे वर्षानुवर्षांचे अबोले.
पण औषधांचं कोठार एक.
ट्रक एक.
ड्रायव्हर वॉटसन म्बेवे, जो फक्त चढावर प्रार्थना करायचा,
पहिल्या गिअरमध्ये, मोठ्यानं.

नर्सांचा पगार सरकारचा, तो तीन-तीन महिने उशिरा.
बाळंतपण फुकट, असा करार होता.
हातमोजे करारात नव्हते.
कुणी सून घेऊन सोळा कोस चालत यायचं
आणि जाताना दाराशी कोंबडी बांधून जायचं.
वहीत तीही आहे: 'कोंबडी, एक. जमा.'

"देव होता का तिथं?"
मी जरा खवचटपणेच विचारलं.
"रविवारी होता," ती खडा बाजूला टाकत म्हणाली.
"बाकीचे दिवस डिझेल लागे."

मे महिन्याचा तिसरा आठवडा. रात्री दीड.
लाइन गेली.
कूलर एक धाप टाकून थांबला, वाळ्याचा ओला वास तेवढा उरला.
मी कूस बदलली.
मावशी उभीच होती.
गल्लीपलीकडे गोडघाटे सरांच्या ऑक्सिजन मशीनची शिट्टी
मला ऐकूसुद्धा आली नव्हती.

तिनं दारं वाजवली.
टेंभेकरांचं. अंजुमआपांचं.
नळावरून ज्यांच्याशी सात वर्षं बोलणं बंद,
त्या डोंगऱ्यांचंही.
पहिली कडी वाजवली ती त्यांचीच,
कारण इन्व्हर्टर त्यांच्याकडे होता.
वायर आपांची, टॉर्च टेंभेकरांच्या नातीचा,
आणि मी, कुणाच्या तरी मोटरसायकलवर,
सदरला सिलिंडर शोधत,
बनियनवर, अनवाणी.

परतलो तेव्हा गच्चीवरून गच्चीवर वायर ताणलेली
आणि सरांच्या खोलीत मशीनची घरघर.
डोंगरे उशाशी बसून सरांना पेपरनं वारा घालत होते.
माझ्याकडे बघितलं नाही.
सरकून जागा दिली.

सकाळी मावशीनं नवं पान काढलं:
'इन्व्हर्टर, एक. डोंगऱ्यांकडून.
परत:'
आणि पेनाचं टोपण लावलं.

मी मागचं पान दाखवलं.
त्या नन्सनी तुझं क्विनाईन परत केलंच नाही ना शेवटी?
"केलं ना."
कधी?
"मले मलेरिया झाला होता तवा."
मग लिहिलं का नाहीस?
ती उठून कूलरमध्ये पाणी भरायला गेली.

इन्व्हर्टर दुपारीच पोहोचवला.
आपांची वायर अजून गल्लीवर ताणलेली आहे.
त्यांनी मागितली नाही.
प्लग काढून मावशी तिच्यावर
टॉवेल वाळत घालते,
एका टोकाला आमचे,
दुसऱ्या टोकाला, हल्ली, डोंगऱ्यांचे.